मधला माणूस हवाच

जुन्या मोटारसायकलीच्या जाहिरातीत, वापरलेल्या लॅपटॉपच्या फोटोखाली, भाड्याच्या फ्लॅटच्या मजकुरात एक ओळ हमखास असते: ‘थेट मालकाकडून, दलाल नको.’ महाराष्ट्रात या ओळीला लगेच मान डोलावली जाते, कारण दलालाने इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नाडलं आहे. ऑनलाइन खरेदी-विक्रीचे सल्ले देणाऱ्यांनी हीच ओळ उचलून तिचं तत्त्वज्ञान बनवलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंटरनेटने विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून दिली, यूपीआयने पैसे क्षणात आणि फुकटात पोचवले, समोरच्याचे स्टार बघायचे, डोकं ठिकाणावर ठेवायचं की झालं. मध्ये कोणी पैसे धरून बसायची आणि त्यासाठी त्याला टक्केवारी द्यायची गरजच काय?

हे म्हणणं चूक आहे, आणि त्याची किंमत साधी माणसं मोजतात.

दोन अनोळखी माणसं दोन गावांत बसून सौदा करतात तेव्हा कुणालातरी आधी हात मोकळे करावे लागतात. एकाने पैसे सोडायचे किंवा दुसऱ्याने वस्तू. जो आधी सोडतो तो दुसऱ्याच्या नियतीवर अवलंबून राहतो. थेट व्यवहारात ही जोखीम नाहीशी होत नाही. दोघांपैकी जो अडलेला, घाईतला किंवा नवखा असतो त्याच्या गळ्यात ती पडते. म्हणून कुठलीही सेवा निवडताना कमिशन किती हे नंतर विचारावं. आधी विचारावं की पैसे आपल्या खात्यातून निघाल्यापासून वस्तू तपासून होईपर्यंत ते कोणाच्या ताब्यात राहतात, आणि तो ताबेदार कोणाला जाब देतो. असा जाबदार त्रयस्थ मध्ये बसवण्याच्या पद्धतीलाच एस्क्रो म्हणतात.

जोखीम गळ्यात कशी पडते ते जवळून बघण्यासारखं आहे. समजा, पुण्यातला एखादा विद्यार्थी खोली सोडताना आपला सोफा आठ हजारांना विकायला काढतो. तासाभरात फोन येतो. बोलणारा हिंदीत सांगतो की तो लष्करात आहे, नुकतीच लोहगावला बदली झाली आहे, सोफा पसंत आहे, किमतीबद्दल घासाघीस करायची नाही. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो येतो, कँटीन कार्ड येतं, आधारची प्रतही येते. ही कागदपत्रं बहुधा कुणा खऱ्या जवानाचीच असतात, कुठून तरी मिळवलेली. मग ‘खातं बरोबर आहे ना बघू’ म्हणून पाच रुपये पाठवले जातात आणि ते खरोखर जमा होतात. इथे विक्रेता निर्धास्त होतो. पुढचा संदेश क्यूआर कोडचा: हा स्कॅन करा, पूर्ण रक्कम जमा होईल. स्कॅन केल्यावर पडद्यावर आठ हजारांचा आकडा दिसतो, खाली पिन मागितला जातो, आणि पिन टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. घाबरून फोन केला की पलीकडून शांतपणे उत्तर येतं, चुकून उलटं झालं, परत करतो, पुन्हा एकदा स्कॅन करा. कित्येक जण दुसऱ्यांदाही करतात.

यावर थेट व्यवहाराच्या समर्थकांचं ठरलेलं उत्तर आहे: पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं माहीत नको? माहीत हवं, यात वाद नाही. बँका, पोलीस आणि रिझर्व्ह बँक हे वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. तरी केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत लोकांनी गमावलेली रक्कम २०२३ मधल्या ७,४६५ कोटी रुपयांवरून २०२४ मध्ये २२,८४५ कोटींवर गेली. यात गुंतवणुकीची आमिषं आहेत, ‘डिजिटल अरेस्ट’ आहे, बरंच काही आहे. सगळा दोष जुन्या सोफ्यांच्या सौद्यांवर टाकता येणार नाही. पण वर्षभरात तिपटीने वाढणारं नुकसान नुसत्या उपदेशाने आवरत नाही, हे मान्य करायला हवं. याउलट नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची, म्हणजे ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय बंद केली, तेव्हा फसवणुकीचा एक अख्खा दरवाजा बंद झाला. त्यासाठी कुणाला शहाणं व्हावं लागलं नाही. व्यवस्था दुरुस्त करणं ज्यांचं काम आहे त्यांनी ‘सावध राहा’ म्हणून हात झटकले की फसलेल्या माणसाला पैशांबरोबर लाजही सोसावी लागते, आणि लाजेपोटी तो १९३० या हेल्पलाइनला फोन करायलाही उशीर करतो. पैसे गोठवून परत मिळण्याची शक्यता मात्र पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त असते.

मधला विश्वासू माणूस ही इंटरनेटने लादलेली चैन आहे, असंही भासवलं जातं. पण भारतीय टपाल खात्याने व्ही.पी.पी., म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट, सुरू केली ती १८७७ साली. मराठी मासिकांच्या मागच्या पानांवर पुस्तकं, औषधं, घड्याळं यांच्या जाहिराती असत आणि खाली ‘व्ही.पी.ने मागवा’. पोस्टमन पार्सल दारात आणायचा, पैसे मोजून घ्यायचा आणि टपाल खातं ते मनीऑर्डरने दुकानदाराकडे पोचवायचं. कऱ्हाडच्या वाचकाला मुंबईचा प्रकाशक कोण, कसा, हे ठाऊक असायची गरज नव्हती. दोघांचा भरवसा टपाल खात्यावर होता. या पद्धतीत एकच भोक होतं: पार्सल उघडायचं ते पैसे दिल्यानंतर. आत भलतंच काही निघालं तर पोस्टमन केव्हाच पुढच्या गल्लीत गेलेला असायचा. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली आणि कार्ड नसलेला, असलं तरी ते वापरायला कचरणारा भारतीय ग्राहक ऑनलाइन खरेदीला लागला. ती व्ही.पी.पी.चीच धाकटी बहीण, आणि भोकही तेच. आता महागड्या मोबाइलसारख्या काही वस्तूंना ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ मिळते: आणणारा मुलगा दारातच खोकं उघडतो, वस्तू नीट आहे असं बघून आपण ओटीपी सांगतो, आणि मग सौदा पुरा होतो. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनं भोक बुजवायला शेवटी तपासणी आणि पैसे यांचा क्रमच बदलावा लागला. भारतात अनोळखी माणसांमधला व्यापार वाढला तो मधला हटवून नाही, तर मधला अधिक जबाबदार करून.

दुसरा दावा स्टारांचा. चांगला विक्रेता त्याच्या रेटिंगवरून ओळखता येतो, मग पैसे धरून ठेवायला त्रयस्थ कशाला?

या दाव्याची सगळ्यात मोठी परीक्षा ईबेवर झाली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या लिलावाच्या बाजाराने पुढच्याच वर्षी खरेदीदार आणि विक्रेते यांना एकमेकांवर शेरे मारायची सोय दिली, आणि तिचं जगभर कौतुक झालं. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी १९९९ मधले हजारो व्यवहार तपासले तेव्हा दिसलं की खरेदीदारांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी नकारात्मक शेरे फक्त ०.६ टक्के होते आणि जवळपास निम्मे खरेदीदार शेरा देतच नव्हते. इतके सगळे सौदे गोड झाले असतील यावर कोण विश्वास ठेवेल? खरेदीदाराने वाईट लिहिलं की विक्रेता उलट त्याच्यावर वाईट लिहायचा, म्हणून लोक तोंड मिटून गप्प बसायचे. अखेर २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदारांविरुद्ध नकारात्मक शेरा द्यायला मनाई केली. स्टार निरुपयोगी आहेत असं यातून निघत नाही. याच रेस्निक यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या विक्रीवर केलेल्या प्रयोगात जुन्या, नाव कमावलेल्या विक्रेत्याला नवख्यापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली होती. पण स्टार कालच्या वागण्याची नोंद देतात. आजच्या सौद्यात कुणी दगा दिला तर ते कुणालाही पैसे परत देत नाहीत.

पैसे घेऊन दिलेल्या बिल्ल्यांची तर आणखीच दुर्दशा. चीनच्या अलीबाबा डॉट कॉमवर वार्षिक वर्गणी भरून आणि पडताळणी करून घेऊन विक्रेत्याला ‘गोल्ड सप्लायर’ हा दर्जा मिळायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की आधीच्या दोन वर्षांत दोन हजार तीनशेहून अधिक गोल्ड सप्लायर परदेशी ग्राहकांना फसवत होते आणि कंपनीच्याच सुमारे शंभर विक्री कर्मचाऱ्यांनी त्यांना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे आत घेतलं होतं. मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड वेई यांनी राजीनामा दिला. बिल्ला विकून ज्याचा पगार ठरतो त्याच्या हातात पडताळणी दिली, की असं होतं.

आणि गंमत बाजूला ठेवून लक्षात घ्यावं असं हे की त्याच समूहाने दुसऱ्या एका बाजारात अनोळखी माणसांचा प्रश्न कसा सोडवायचा हे आधीच दाखवून दिलं होतं. २००३ च्या मे महिन्यात अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांच्या लोकांनी ताओबाओ सुरू केलं. ईबेने त्याच वर्षी चीनमधली ईचनेट कंपनी १५ कोटी डॉलर देऊन पूर्णपणे ताब्यात घेतली होती, त्यामुळे ताओबाओ टिकेल असं फार थोड्यांना वाटत होतं. लोक वस्तू बघायचे, चौकशी करायचे आणि पैसे पाठवायची वेळ आली की थांबायचे. ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये राहणाऱ्या एका विक्रेत्याने वापरलेला फुजी कॅमेरा ७५० युआनला काढला आणि शिआन शहरातल्या एका विद्यार्थ्याने तो घ्यायचं ठरवलं. दोघंही एकमेकांना कधी दिसणार नव्हते. ताओबाओने पैसे स्वतःकडे घेतले आणि कॅमेरा मिळाल्याचं खरेदीदाराने कळवल्यावर विक्रेत्याला दिले. पुढे अलीपे म्हणून जगाला माहीत झालेल्या सेवेचा हा पहिला व्यवहार. तीन वर्षांनी ईबेने चीनमधला आपला स्वतंत्र कारभार आवरता घेतला. ताओबाओ विक्रेत्यांकडून शुल्क घेत नव्हतं, हेही त्याच्या यशाचं मोठं कारण होतं आणि ते लपवायचं कारण नाही. पण फुकट दुकान मांडता येणं ही विक्रेत्याची सोय झाली. खरेदीदाराने पैसे काढले ते मध्ये थांबलेल्या पैशांमुळे.

लिलावाबद्दलही एक भाबडी समजूत आहे: दहा जणांनी बोली वाढवली म्हणजे वस्तू खरी आणि किंमत रास्त. मे २००० मध्ये ईबेवर एक अमूर्त चित्र १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढलं, कारण ते चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न यांचं असावं असा भास निर्माण केला गेला होता. चित्र खोटं होतं, आणि विक्रेता व त्याचे साथीदार खोट्या नावांनी एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावत होते. सौदा रद्द झाला, पुढे खटले उभे राहून गुन्हा कबूल करण्यात आला. बोलीचा आकडा किती जणांना मोह पडला हे फार तर सांगतो. ते जणही खरे असतील तर.

आपल्याकडे ज्यांच्या हातात बळ आहे ते लिलावात नुसत्या विश्वासावर कधीच चालत नाहीत. थकीत कर्जापोटी जप्त केलेलं घर बँक ई-लिलावात काढते तेव्हा बोली लावण्याआधीच अनामत रक्कम भरावी लागते. बोली लागली की सिक्युरिटी इंटरेस्ट नियमांच्या ९ व्या नियमाप्रमाणे किमतीचा चौथा हिस्सा त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, आणि उरलेले पैसे साधारण पंधरा दिवसांत. चुकलं तर भरलेला चौथा हिस्सा जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात ही पूर्ण जप्ती वैध ठरवली. घर मात्र ‘जसं आहे, जिथे आहे’ तत्त्वावर. बँकेला घेणाऱ्याचे स्टार बघून समाधान होत नाही, तिला पैसे आधी सुरक्षित हवे असतात. मग साताऱ्यातल्या माणसाने कोल्हापूरच्या अनोळखी माणसाकडून स्कूटर घेताना तशीच खबरदारी मागितली तर त्याला भित्रा का म्हणायचं?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. एस्क्रोला पैसे पडतात, वेळ लागतो, आणि एस्क्रोच्या नावाखालीच फसवणूक होते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

शेवटच्यापासून सुरुवात करू. स्वस्तात मोटार विकणारा, परदेशात असल्याचं सांगणारा विक्रेता स्वतःहून म्हणतो, तुमचा विश्वास नसेल तर एस्क्रोतून करू. आणि दुवा पाठवतो. संकेतस्थळ सुबक असतं, कुलपाचं चिन्ह असतं, ग्राहकसेवेचा क्रमांक असतो, आणि ते उभं राहून पंधरवडासुद्धा झालेला नसतो. पैसे थेट त्याच्याच खिशात. ही युक्ती इतकी जुनी आहे की कॅलिफोर्नियाने इंटरनेटवरच्या एस्क्रो कंपन्यांना परवाना सक्तीचा केला त्याला पाव शतक झालं, आणि ईबेनेही अमेरिकी ग्राहकांसाठी एस्क्रो डॉट कॉम या एकाच कंपनीला मान्यता दिली होती. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? खोटे डॉक्टर आहेत म्हणून कोणी औषध सोडत नाही, नोंदणी बघतो. मधला कोण हे समोरच्याने कधीच ठरवू द्यायचं नाही, त्याने पाठवलेल्या दुव्यावर जायचं नाही, आणि सेवेचं नाव नियामकाच्या यादीत स्वतः शोधायचं. भारतात रिझर्व्ह बँक परवानगी दिलेल्या पेमेंट ॲग्रिगेटरांची, म्हणजे ग्राहकांचे पैसे घेऊन विक्रेत्यांना पोचवणाऱ्या कंपन्यांची, यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवते.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार महाग पडू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० च्या निर्देशांनुसार पेमेंट ॲग्रिगेटरने ग्राहकांचे पैसे शेड्युल्ड व्यापारी बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, धंद्याच्या पैशांत मिसळायचे नाहीत. अर्ज करतानाच त्याची निव्वळ मत्ता किमान १५ कोटी आणि पुढे २५ कोटी हवी. नियम चांगला आहे. ग्राहकाचे पैसे कंपनी बुडाली तरी वाचावेत यासाठी तो आहे. चीनच्या मध्यवर्ती बँकेनेही जानेवारी २०१९ पर्यंत अशा कंपन्यांना ग्राहकांची शंभर टक्के रक्कम तिच्याकडे ठेवायला लावली, ती याच भीतीपोटी. पण ‘आमच्याकडे एस्क्रो खातं आहे’ याचा अर्थ तुम्ही वस्तू तपासून हो म्हणेपर्यंत पैसे थांबतील, असा होत नाही. बऱ्याच ठिकाणी ठरलेले दिवस उलटले की पैसे विक्रेत्याकडे जातात, तुमचं समाधान झालेलं असो वा नसो. म्हणून शर्तींमध्ये एकच वाक्य आधी हुडकावं: पैसे कशावर सुटतात? खरेदीदाराच्या संमतीवर, कुरियरच्या नोंदीवर की कॅलेंडरवर? तपासायला किती दिवस, तक्रार कुठल्या पुराव्यावर, निकाल कोण देणार? या प्रश्नांची उत्तरं जी सेवा आडवळणाने देते ती नाकारावी, तिचं शुल्क शून्य असलं तरी.

शुल्क आणि वेळ यांबद्दल बोलायचं तर दोन-पाच हजारांच्या वस्तूला एस्क्रोचा घाट घालू नये. गावातल्या गावात भेटावं, चौकात, दिवसाढवळ्या; वस्तू बघावी, चालू करावी, पैसे द्यावेत. समोरासमोरच्या सौद्यात पैसे आणि वस्तू एकाच वेळी हात बदलतात, तिथे मधला लागतच नाही. विक्रेत्यालाही एस्क्रोचा धोका असतो: खरेदीदार चांगला लॅपटॉप ठेवून आपला बिघडलेला परत पाठवू शकतो. पाठवण्याआधी सीरियल क्रमांकासह व्हिडिओ काढणं, यापलीकडे त्यावर आज फारसा इलाज नाही. रक्कम मोठी झाली, अंतर वाढलं, किंवा वस्तूची मालकी कागदावर बदलावी लागत असेल, तर मात्र हिशेब पालटतो.

जुनं वाहन हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. गाडी विकताना तीन गोष्टी हात बदलतात: पैसे, चावी आणि आरसी बुकावरचं नाव. पहिल्या दोन एका दुपारी होतात, तिसरीला आरटीओ लागतं. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. प्रत्यक्षात विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देतो, स्टॅम्प पेपरवर डिलिव्हरी नोट होते, आणि घेणारा आज जाऊ, उद्या जाऊ करत राहतो. मग वेगमर्यादा ओलांडल्याचे ई-चलान जुन्या मालकाच्या मोबाइलवर येऊ लागतात. हे परवडलं. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईला जबाबदार. तोपर्यंत गाडी एकामागून एक कितीतरी हातांत गेली होती, तरीही. अपघातग्रस्ताला विक्रीच्या साखळीमागे धावत बसावं लागू नये, हा न्यायालयाचा विचार योग्यच आहे. पण पैसे हातात पडले म्हणजे आपण सुटलो, असं मानणारा विक्रेता त्यामुळे किती उघडा पडतो ते दिसतं.

घेणाऱ्याचीही अडचण कमी नाही. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असतं. विकणारा म्हणतो, तुम्ही पैसे द्या, मी कर्ज फेडतो, एनओसी आणि फॉर्म ३५ आणून देतो. त्याने पैसे दुसरीकडेच खर्च केले तर घेणाऱ्याकडे गाडी राहते, मालकी नाही. लोकांनी यावर आपापला तोडगा काढलेला आहे: टोकन द्यायचं, नंतर मोठी रक्कम, आणि दोन-पाच हजार ‘नाव झाल्यावर’. ही घरगुती एस्क्रोच आहे, फक्त त्यात मधला नाही. शेवटच्या पाच हजारांसाठी कोण आरटीओच्या खेपा घालणार? पूर्ण रक्कम त्रयस्थाकडे, त्यातून कर्ज थेट फायनान्स कंपनीला, नाव बदलल्याची नोंद दिसली की उरलेले विकणाऱ्याला, अशी सोय असली तर दोघंही वाचतील. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर गेली की तिची जबाबदारी डीलरवर येते. सरकारने इथे मधल्या माणसाला हाकललं नाही, त्याची मानगूट पकडली. जे हवं ते हेच.

राहिला दलालाचा राग. तो खरा आहे, पण तो कुठे नेतो ते द्राक्षबागायतदाराला विचारावं. निफाड, दिंडोरी, तासगावच्या बागांमध्ये व्यापारी थेट बांधावर येतो, भाव बाजारापेक्षा बरा सांगतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख देतो, दुसरीचे निम्मे, तिसरीचा चेक. मग चेक परत येतो आणि फोन बंद होतो. नाशिक परिक्षेत्रात २०२० मध्ये पोलिसांना शेतकऱ्यांचे बुडवलेले पैसे वसूल करण्यासाठी खास मोहीम काढावी लागली. बाजार समितीच्या आवारात आडते-व्यापारी धुतल्या तांदळासारखे असतात असं मुळीच नाही, तिथेही पैसे अडकतात. पण तिथे परवाना असतो, तो रद्द करता येतो, आणि तक्रार घेऊन जायला एक दार असतं. बांधावरच्या थेट सौद्यात मधला गेला, आणि त्याच्याबरोबर ते दारही गेलं.

या सगळ्यात खटकणारी गोष्ट अशी की पैसे सुरक्षितपणे अडवून ठेवायची यंत्रणा या देशात तयार आहे. शेअरच्या प्राथमिक विक्रीत अर्जदारांचे पैसे पूर्वी आठवडेच्या आठवडे अडकून पडायचे. सेबीने २००८ मध्ये ‘अस्बा’ पद्धत आणली आणि २०१६ पासून ती सर्वांना सक्तीची केली: पैसे अर्जदाराच्याच खात्यात राहतात, फक्त अडवलेले, शेअर मिळाले तर जातात, नाही तर मोकळे होतात. २०१९ पासून किरकोळ गुंतवणूकदार हेच यूपीआयवरून करतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये यूपीआयवर रक्कम एकदा अडवून गरजेप्रमाणे वळती करण्याची सोय जाहीर केली, तेव्हा वस्तू किंवा सेवा प्रत्यक्ष मिळेपर्यंत पैसे ग्राहकाच्या खात्यातच राहतील आणि व्यवहारातला विश्वास वाढेल, असं तिनेच सांगितलं. ही सोय व्यापाऱ्यांसाठी, हॉटेलांसाठी, शेअर दलालांसाठी. दोन साध्या माणसांच्या सौद्याला ती लागू नाही.

ती लागू करावी. घेणाऱ्याच्या खात्यात रक्कम ठरावीक दिवसांसाठी अडवावी, विकणाऱ्याला ती अडवल्याची खात्री दिसावी, वस्तू तपासून पिन टाकल्यावरच ती जावी. वाहन असेल तर नावबदलाची सरकारी नोंद हीच सुटकेची अट असावी. वाद झाला तर निकाल देणारी, मुदत बांधलेली यंत्रणा असावी, आणि हे काम फुकट होत नसल्याने त्याचं शुल्क आधी स्पष्ट लिहिलेलं असावं. जुन्या वस्तूंच्या जाहिराती छापून ‘आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो’ म्हणणाऱ्या आणि मध्यस्थांना जबाबदारीतून सूट देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ च्या आडोशाला उभ्या राहणाऱ्या कंपन्यांना ही सोय प्रत्येक जाहिरातीखाली देणं बंधनकारक करावं. चाळीस हजारांच्या स्कूटरवर शे-दोनशे रुपये मोजून असा मधला घ्यायचा की नाही, हे मग साताऱ्यातला घेणारा आणि कोल्हापूरचा विकणारा ठरवतील. आज त्यांच्यापुढे तो पर्यायच ठेवलेला नाही.